खाणीपासून राखेपर्यंत



ज्या गणिताच्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते नुसतं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. ‘पायऱ्या दाखव,’ म्हणत. आज मी कोळशाच्या निर्यातीवर जगभर चाललेल्या वादाबद्दल बोलणार आहे, आणि या वादात मला खटकतं ते हेच. विकणारे देश आणि विकत घेणारे देश आपापली उत्तरं मांडतात, पायऱ्या मात्र गाळतात. त्या गाळलेल्या पायऱ्यांमध्ये आपला परभणी जिल्हा आहे.

आपल्याकडे कोळशाची खाण नाही. औष्णिक वीज केंद्र आहे ते जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, गंगाखेडच्या पलीकडे परळीला. तिथला कोळसा विदर्भातून, तेलंगणातून रेल्वेने येतो. रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची मालगाडी. तिच्यात साधारण साडेतीन ते चार हजार टन कोळसा मावतो. परळीचे जुने संच एकेक करून निवृत्त झाले; आज तीन उरले, प्रत्येकी 250 मेगावॉटचे. असा एक संच देशी कोळशावर पूर्ण भाराने चालवायचा तर दिवसाला जवळपास एक रेक लागतो. त्यातून साठ लाख युनिट वीज मिळते. सहा हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण शेकडा 35 ते 40 असतं, म्हणजे दीड हजार टनांच्या घरात राख मागे राहते. हे एका संचाचं, एका दिवसाचं झालं.

आणि पाणी. परळीच्या केंद्राचं पाणी गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यातून येतं, आणि खडका आपल्या सोनपेठ तालुक्यात आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना पाणीवापराची मर्यादा घालून दिली: एक युनिट विजेला साडेतीन लिटर. ऐकायला हे थोडं वाटतं. पण साठ लाख युनिटांना गुणून पाहा, दोन कोटी दहा लाख लिटर होतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची, ती आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पन्नास वाघिणींच्या त्या गाडीत पंचवीस लाख लिटर पाणी असायचं. म्हणजे मर्यादा काटेकोर पाळली तरी परळीचा एक संच दिवसाला अशा आठ गाड्यांहून जास्त पाणी पितो. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. 2015 मध्ये पुन्हा तीच वेळ आली आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत केंद्र बंदच राहिलं. कोळसा मिळाला असता, कामगार हजर होते, मागणीही होती. नव्हती ती गोदावरी.

तेव्हा परळीच्या विजेत गोदावरीचं पाणी आहे आणि ते पाणी सोनपेठच्या हद्दीतून जातं. ती वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, मुंबई-पुण्याला, कारखान्यांना, आपल्यालाही मिळते. त्याला माझी हरकत नाही. राज्य एक आहे. पण कोळशाचा व्यापार म्हणजे खाणीचा मालक आणि वीज कंपनी यांच्यातला सौदा, असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा पाणी देणाऱ्या आणि राख घेणाऱ्या गावांना त्या सौद्यात जागाच नसते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की कोळसा विकणाऱ्याची जबाबदारी बंदरावर संपत नाही, घेणाऱ्याची जबाबदारी भट्टीपाशी सुरू होत नाही, आणि हा नियम ऑस्ट्रेलियाला लावायचा तर महाराष्ट्रालाही लावावा लागेल.

आधी बाहेरचं जग पाहू. ऑस्ट्रेलिया वर्षाला साडेतीनशे दशलक्ष टनांच्या आसपास कोळसा परदेशी पाठवतो. काही पोलादासाठी, बराचसा विजेसाठी. न्यू साउथ वेल्समधलं न्यूकॅसल हे कोळशाचं जगातलं सर्वांत मोठं निर्यात बंदर. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथली साधी माणसं छोट्या वल्ह्याच्या होड्या घेऊन जहाजांच्या वाटेत उतरली आणि शंभरावर लोकांना अटक झाली. त्यांत 97 वर्षांचे एक धर्मगुरूही होते. त्यांचं म्हणणं असं की आपला देश घरच्या छतांवर सौर पॅनल लावतो, घरची औष्णिक केंद्रं बंद करत आणतो आणि तोच कोळसा जहाजात भरून दुसऱ्यांच्या आकाशात जाळायला पाठवतो. हवामान कराराच्या हिशोबात धूर ज्या देशात निघतो त्या देशाच्या खात्यावर चढतो. विकणाऱ्याची वही कोरी राहते. हा हिशोब चुकीचा आहे असं ते म्हणतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

निर्यातीच्या बाजूने तिथे तीन युक्तिवाद होतात. पहिला म्हणजे आम्ही विकला नाही तर दुसरा कोणी विकेल. दुसरा, आमचा कोळसा इतरांपेक्षा कमी राखेचा, म्हणून जगाच्या फायद्याचा. तिसरा आपल्याला जास्त जवळचा आहे, कारण तो आपलं नाव घेऊन केला जातो: भारतातल्या गरिबांच्या घरात दिवा लागायला हवा. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी एका खाणीच्या उद्घाटनात कोळसा मानवजातीच्या भल्याचा आहे असं सांगितलं, त्यामागे हाच भाव होता. क्वीन्सलँडमधल्या अदानी समूहाच्या कारमायकल खाणीवर दहा-बारा वर्षं वाद चालला तेव्हाही भारतातल्या गरिबांचा उल्लेख पदोपदी झाला. वर्षाला साठ दशलक्ष टनांची ती योजना आकसत दहा दशलक्ष टनांवर आली आणि 2021 च्या अखेरीस तिचा पहिला कोळसा बंदरात पोचला. तिथल्या वांगन आणि जागालिंगू या मूळ रहिवाशांपैकी अनेकांचा विरोध डूंगमाबुला नावाच्या झऱ्यांसाठी होता. खाणीमुळे भूजल खाली जाईल आणि त्यांच्या दृष्टीने पवित्र असलेले झरे आटतील, ही त्यांची भीती. खडका ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही.

आता गरिबांच्या दिव्याचं पाहू. कारमायकलचा कोळसा ज्या ठिकाणी जाळायचं ठरलं त्यांतलं एक ठळक ठिकाण म्हणजे झारखंडमधलं गोड्डा. 1,600 मेगावॉटचं हे केंद्र 2023 मध्ये सुरू झालं. ऑस्ट्रेलियाचा कोळसा ओडिशातल्या धामरा बंदरावर उतरतो, रेल्वेने झारखंडला जातो, तिथे जळतो, आणि वीज स्वतंत्र वाहिनीने बांगलादेशला विकली जाते. बांगलादेशलाही वीज हवीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण झारखंड स्वतः कोळशाने भरलेलं राज्य. तिथे राख आणि धूर ठेवून वीज सीमेपार जाते. कोळसा निर्यात करायला तो बोटीत भरावाच लागतो असं नाही, तो तारेतूनही जातो. ही तार दिसली की परळीची आठवण होते.

गरिबांचं नाव घेणाऱ्यांना मी आपल्याकडचा हिवाळा दाखवीन. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा काही वर्षी पाच-सहा अंशांवर उतरतो. त्या थंडीत मानवत, पाथरी, सेलूच्या शिवारात शेतकरी रात्री बारानंतर गव्हाला, हरभऱ्याला पाणी देत असतो, कारण त्याच्या फीडरला या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रपाळीची आहे. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, पायाखाली ओला चिखल आणि बांधावर साप. मोटर टाकली की पाच मिनिटांत स्टार्टर पडतो, पुन्हा विहिरीपर्यंत जावं लागतं. डीपी जळाली तर आठ-आठ दिवस पीक उभ्या उभ्या वाळतं. इतकी वर्षं इतका कोळसा जाळून या माणसाला दिवसाउजेडी पाणी देता आलं नाही. कोळशाने देशाचे कारखाने उभे केले, शहरं उजळली, रेल्वे धावली, हे मी मान्य करतो आणि त्याबद्दल खाणकामगारांचा ऋणी आहे. पण ज्याच्या नावाने निर्यातीचं समर्थन होतं तो माणूस अजून अंधारात पाणी भरतो आहे, हेही तितकंच खरं.

परदेशातून जेव्हा भारताला कोळसा ताबडतोब सोडा असं सुनावलं जातं, तेव्हाही मी सुनावणाऱ्यांच्या बाजूने उभा राहत नाही. भारतीय माणसामागे वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, ऑस्ट्रेलियन माणसामागे त्याच्या सातपट तरी. ब्रिटनने 1882 मध्ये लंडनच्या होबॉर्न व्हायाडक्टला कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीज केंद्र काढलं आणि 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफचं शेवटचं बंद केलं. मध्ये 142 वर्षं त्यांनी घेतली. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने कोळसा ‘संपवणं’ ऐवजी ‘कमी करत जाणं’ असा शब्द करारात घालायला लावला, त्यावर जगभर टीका झाली. मला ती भूमिका न्याय्य वाटते. मात्र कमी करत जायचं म्हटल्यावर किती, कुठे, कधी आणि कोणाच्या खर्चाने हे सांगणं भाग आहे. ते आपण परळीबद्दल अजून सांगितलेलं नाही.

विकणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल गेल्या काही वर्षांत न्यायालयं बोलू लागली आहेत, आणि ती फार महत्त्वाची गोष्ट आहे. 2019 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या भूमी आणि पर्यावरण न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश ब्रायन प्रेस्टन यांनी ग्लॉस्टर खोऱ्यातली एक नियोजित खाण नाकारली. आम्ही नाही काढला तर दुसरा काढेल, हा कंपनीचा युक्तिवाद त्यांनी फेटाळला. जून 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे परगण्यातल्या तेलविहिरींच्या खटल्यात निकाल दिला की परवाना देताना तेल पुढे जळल्यावर निघणारा धूरसुद्धा विचारात घ्यायला हवा. त्याचा आधार पुढच्या काही महिन्यांतच कंब्रियामधल्या नव्या कोळसा खाणीची परवानगी रद्द होताना झाला. आणि 23 जुलै 2025 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात सांगितलं की जीवाश्म इंधनाचं उत्पादन, त्याचे परवाने, त्यावरची अनुदानं हीदेखील देशाची आंतरराष्ट्रीय कर्तव्यं मोडणारी कृती ठरू शकते. ते मत कोणावर लादता येत नाही. पण विकणाऱ्याची वही कोरी, हे म्हणणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

विकणारे देश स्वतःच्या गरजेसाठी निर्यात थांबवायला एक रात्रही घेत नाहीत. इंडोनेशिया हा औष्णिक कोळशाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार. 1 जानेवारी 2022 ला त्याने निर्यात अचानक बंद केली, कारण त्यांच्या सरकारी वीज कंपनीकडचा साठा संपत आला होता. काही आठवड्यांत बंदी उठली. मग युक्रेनचं युद्ध पेटलं, न्यूकॅसलच्या कोळशाचा भाव टनाला 400 डॉलरच्या वर गेला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आपल्या ऊर्जा मंत्रालयाने राज्यांच्या वीज कंपन्यांना आयात कोळसा दहा टक्के मिसळायला सांगितलं. इतका महाग कोळसा सरकारी हुकमाने! ऑगस्टमध्ये ती सक्ती मागे घेतली गेली. खरं तर मिसळायला घरचंच इंधन होतं: केंद्र सरकारने आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या कोळशात पाच टक्के मिसळण्याचं धोरण जाहीर केलं होतं. परभणी जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात. थोड्या चुलीला जातात, बाकीच्या पेटवून देतात. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी शिवारातून जा, जागोजाग धूर दिसेल. पऱ्हाट्या आणि तुराट्या गोळा करून, दळून, गोळ्या करून परळीला पोचवण्याचं काम गावागावांतल्या तरुणांना आणि बचत गटांना मिळू शकतं. त्यासाठी यंत्र लागतं, भांडवल लागतं आणि वीज केंद्राकडून दहा वर्षांचा खरेदी करार लागतो. समुद्रापलीकडच्या कोळशासाठी करार होतात. आपल्या शेतकऱ्याबरोबर का होऊ नयेत?

आता मी ज्या भागाकडे येतो आहे तो आपल्याला बोचणारा आहे. आतापर्यंत आपण विकणाऱ्यांबद्दल बोललो. महाराष्ट्र घेणारा आहे.

छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात तमनार नावाचा तालुका आहे, केलो नदीच्या काठचा, आदिवासी गावांचा, सालाच्या जंगलाचा. तिथला गारे पेलमा सेक्टर दोन हा कोळशाचा पट्टा केंद्र सरकारने 2015 मध्ये महाराष्ट्राच्या वीज कंपनीला, महाजेनकोला दिला. वर्षाला 23 दशलक्ष टनांहून जास्त कोळसा काढायची ती योजना. हा कोळसा कुठे जाळायचा हेही कागदावर ठरलेलं आहे: कोराडीचे संच, चंद्रपूरचे दोन संच आणि परळीचा आठवा संच. परळीचा आठवा संच म्हणजे ज्याला खडक्याचं पाणी लागतं तोच. तमनारची जमीन आणि सोनपेठचं पाणी अशी एका बॉयलरपाशी भेटणार आहेत, आणि या दोन्ही तालुक्यांतल्या लोकांना कोणी एकमेकांबद्दल सांगितलेलं नाही.

तमनारचे लोक या खाणींशी फार वर्षांपासून झगडत आहेत. गारे गावात दर 2 ऑक्टोबरला कोळसा सत्याग्रह होतो. गावकरी स्वतःच्या जमिनीतला कोळसा हाताने उकरतात आणि म्हणतात, हा आमचा आहे. रायगडचे रमेश अग्रवाल यांनी खाणींच्या परवानग्यांतल्या त्रुटी उघड केल्या. 2012 मध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला, 2014 मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. महाजेनकोच्या खाणीला 2022 मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती रद्द केली. जनसुनावणी योग्य रीतीने झाली नव्हती आणि लोकांच्या आरोग्याबद्दलच्या शिफारशींकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंत्रालयाने नवी परवानगी दिली. जून 2025 मध्ये मुडागाव आणि सराईटोला परिसरात पोलीस बंदोबस्तात झाडं तोडली गेली. ज्या बाया झाडांना धरून उभ्या होत्या त्यांना हटवलं गेलं.

हा कोळसा आपल्या नावाने निघतो आहे. महाजेनको ही महाराष्ट्र सरकारची कंपनी आहे, म्हणजे तुमची-माझी. विकणाऱ्याने बंदरापलीकडचा धूर मोजावा, असं आपण ऑस्ट्रेलियाला सांगायचं आणि खाणीपाशी काय घडलं ते आपण विचारायचं नाही, हे चालणार नाही. मुडागावच्या झाडांचं उत्तर महाराष्ट्राच्या विधानसभेत मागितलं गेलं पाहिजे. परळीच्या आठव्या संचाला कोळसा हवाच असेल तर तो जिथून येतो तिथे जनसुनावणी नीट झाली का, हे मराठवाड्याच्या आमदारांनी विचारलं पाहिजे. तो आपला हक्क आहे आणि मी त्याला आपलं कर्तव्यही म्हणतो.

असा जाब विचारणं गोव्याने करून दाखवलं आहे. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि कर्नाटकच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोच्या घरांवर काळी पूड बसते. कोळशात गोव्याचा फायदा-तोटा काय, असं म्हणत लोक गप्प बसले नाहीत. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदरला हजारो माणसं हा कोळसा नेणाऱ्या रेल्वेच्या दुहेरीकरणाविरुद्ध रुळांवर बसली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. वाटेवरच्या गावालाही बोलायचा अधिकार आहे, एवढं त्यातून पक्कं झालं.

कोळसा संपताना काय होतं, हे परभणी जिल्ह्याने एकदा अनुभवलेलं आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत. पूर्णा जंक्शन. निजामाच्या काळात गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे झाली, हिंगोली-अकोल्याकडे फाटा निघाला आणि पूर्णेला वाफेच्या इंजिनांचं लोकोशेड उभं राहिलं. फायरमन, फिटर, खलाशी, इंजिनात कोळसा भरणारे, राख उपसणारे. रेल्वेच्या पगारावर एक शहर उभं राहिलं. शेतमजुरीतून सुटलेली कितीतरी दलित कुटुंबं त्या पगारावर शिकली, त्यांच्या पोरांनी वसतिगृहं गाठली, कॉलेजं गाठली. मग डिझेल आलं, नव्वदच्या दशकात मुख्य मार्गाचं रुंदीकरण झालं, वाफेची इंजिनं भंगारात गेली, 2003 मध्ये विभागाचं मुख्यालय नांदेडला झालं, 2008 मध्ये अकोल्याचा मार्गही रुंद झाला. प्रत्येक बदल आपापल्या जागी बरोबर होता. वाफेचं इंजिन कोणी परत मागणार नाही. पण पूर्णेसाठी, पूर्णा म्हणून, कोणी योजना केली नाही. बदल्या झाल्या, क्वार्टर ओस पडली, बाजार आटला. आज पूर्णेत त्या काळातल्या माणसांशी बोललात तर ते इंजिनाबद्दल बोलत नाहीत, शहर कसं रिकामं झालं त्याबद्दल बोलतात.

परळीचं उद्या हेच व्हायला नको. आठवा संच 2016 मध्ये सुरू झाला, तो लगेच बंद होणार नाही. पण सहावा आणि सातवा 2007 आणि 2010 चे आहेत, त्यांचं वय मोजता येतं. केंद्रातल्या कायम कामगारांची बदली होईल. कंत्राटी कामगार, राखेच्या विटा पाडणारे, टँकरवाले, हॉटेलवाले यांची कुठे बदली होणार? जर्मनीने 2038 पर्यंत कोळसा सोडायचं ठरवलं तेव्हा खाणींच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद कायद्याने केली. आपण तेवढे श्रीमंत नाही, हे खरं. पण पैसा नव्हता, हे मात्र खरं नाही.

2010 मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. तो वाढत 2016 मध्ये 400 रुपयांवर गेला. चार हजार टनांच्या एका रेकवर सोळा लाख रुपये. 2017-18 पर्यंत 86 हजार कोटींहून अधिक जमा झाले; त्यासाठी काढलेल्या निधीत त्यातले 30 हजार कोटीही गेले नाहीत, आणि प्रत्यक्ष कामांवर 16 हजार कोटींच्या आसपास लागले. जीएसटी आल्यावर हा उपकर राज्यांच्या महसुली भरपाईत वळवला गेला. सप्टेंबर 2025 मध्ये तो बंदच झाला आणि कोळशावरचा जीएसटी पाचाचा अठरा टक्के करण्यात आला. म्हणजे कोळसा सोडण्यासाठी म्हणून गोळा केलेला पैसा कोळसा सोडण्यावर फारसा लागलाच नाही. दुसरीकडे, 2015 च्या खनिज कायद्याने खाणीच्या जिल्ह्यांना जिल्हा खनिज प्रतिष्ठान दिलं. ते योग्यच झालं. चंद्रपूरला, रायगडला त्यातून हक्काचा वाटा आहे. तो नीट खर्च होतो का हा वेगळा विषय. पण जिथे कोळसा जळतो आणि जिथून त्याला पाणी जातं, त्या तालुक्यांचा या कायद्यात उल्लेखच नाही. ही उणीव दुरुस्त व्हावी, यासाठी मराठवाड्याच्या खासदारांनी संसदेत आग्रह धरावा असं मला वाटतं.

दिवसाउजेडी पाण्याचा मार्ग मात्र उघडला आहे आणि तो आपल्या माळरानावरून जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये सुरू झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, राज्यभरात 16 हजार मेगावॉट. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. जिंतूरच्या खडकाळ माळांवर ही जमीन आहे. येलदरीला 1968 पासून पूर्णा नदीच्या पाण्यावर साडेबावीस मेगावॉटची वीज तयार होते. धुराशिवाय वीज ही आपल्या जिल्ह्याला नवी गोष्ट नाही. सूर्य रात्री नसतो, साठवणुकीला खर्च आहे, हे आक्षेप खरे आहेत आणि त्यामुळे परळी काही वर्षं चालवावी लागेल हेही मला मान्य आहे. पण शेतीला रात्रीची वीज नकोच आहे. ज्या मागणीसाठी कोळसा अटळ म्हणून सांगितला जातो, त्यातली शेतीची मागणी सूर्यावर सर्वांत आधी हलवता येते.

शेवटी एक कामाची गोष्ट. दर वर्षी पावसाळा संपला की धरणांच्या पाण्याचं आरक्षण ठरतं, कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. पिण्याला किती, शेतीला किती, उद्योगाला किती, ते तिथे लिहिलं जातं आणि औष्णिक केंद्राचा आकडाही त्यातच येतो. त्या बैठकीपुढे सोनपेठ, पाथरी आणि गंगाखेड तालुक्यांतल्या ग्रामसभांचे ठराव जावेत अशी माझी सूचना आहे. खडक्यातून वर्षभरात प्रत्यक्ष किती पाणी उचललं ते दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. केंद्राने साडेतीन लिटरची मर्यादा पाळली की नाही ते मीटरसह दाखवावं. सहाव्या आणि सातव्या संचाच्या निवृत्तीचं साल जाहीर करावं, कंत्राटी कामगारांच्या यादीसह. पऱ्हाटीच्या खरेदीचा करार करावा. आणि आठव्या संचाचा कोळसा तमनारहून येणार असेल, तर तिथल्या जनसुनावणीची कागदपत्रं मराठीत इथे मिळावीत.

या ठरावाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सभा संपल्यावर खडक्याच्या आसपासच्या गावांतून आलेल्या मंडळींनी थोडं थांबावं. पाण्याच्या आकड्यांबद्दल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. जिथे चुकलं असेल तिथे तुम्ही दुरुस्त करा, मग हा मसुदा मुडागावच्या लोकांनाही हिंदीत पाठवू.